अंतरपाट दूर होतो तेव्हा

तुळशीची लग्नं लागली की साताऱ्यात मामांच्या स्टुडिओतला फोन वाजायला लागतो. २०२४ च्या नोव्हेंबरातही तो वाजत होता, पण त्या वर्षी मामांनी डायरीतल्या निम्म्या तारखांपुढे माझं नाव लिहून ठेवलं होतं. तीस वर्षं मांडवात उभं राहून त्यांचे गुडघे थकले होते. मी आठ वर्षं त्यांच्यामागे सहायक म्हणून फिरले. आता मुख्य कॅमेरा माझ्या हातात येणार होता.

माझ्याकडे एक जुनी क्रॉप सेन्सरची बॉडी होती, तिच्याबरोबर आलेली १८-५५ ची किट लेन्स होती आणि एक ५० मिमी एफ १.८. एवढ्या सामानावर दुसऱ्याच्या लेकीच्या लग्नाची जबाबदारी घेता येत नाही. फुलफ्रेम मिररलेस बॉडी घ्यायचं ठरलं. माझी बचत आणि आईची भिशी एकत्र केली की बॉडी येत होती आणि वर एका लेन्सपुरते पैसे उरत होते. ती लेन्स कोणती घ्यायची यावर एका संध्याकाळी मामांचं आणि माझं जे बोलणं झालं, ते आठवेल तसं लिहून ठेवते आहे. हा प्रश्न माझ्या वयाच्या प्रत्येक फोटोग्राफरसमोर येतो, आणि त्याची जी उत्तरं ऐकायला मिळतात ती मला बहुतेकदा अर्धी वाटतात.

मी माझी यादी काउंटरवर ठेवली. वर सोनीच्या ई माउंटची बॉडी, खाली टॅमरॉनची २८-७५ एफ २.८. मामांनी चष्मा कपाळावर सरकवला.

"लेन्स बाहेरची?"

"टॅमरॉनची, मामा."

"म्हणजे बाहेरचीच. बॉडी एका कंपनीची, लेन्स दुसऱ्या कंपनीची. मांडवात असला संसार चालत नाही गं."

"कंपनीची २४-७० मला परवडत नाही. २०१८ साली टॅमरॉनची पहिली २८-७५ आली तेव्हा तिची अमेरिकेतली किंमत ७९९ डॉलर होती. सोनीची स्वतःची २४-७० जी मास्टर २२०० डॉलरच्या घरात. एकीच्या पैशात दुसरीच्या पावणेतीन."

"मग थोडं थांब. एक हंगाम जुन्या बॉडीवर काढ. पैसे साठव आणि कंपनीचीच घे."

"त्या एका हंगामात किती लग्नं मी किट लेन्सवर काढायची? आपल्या इथले हॉल तुम्हाला माहीत आहेत. स्टेजवर रंगीत दिवे आणि खाली अंधार. किट लेन्स ५५ ला नेली की एफ ५.६ च्या पुढे उघडत नाही. एफ २.८ म्हणजे त्याच्या चौपट उजेड. जिथे मला आयएसओ ६४०० ठेवावा लागतो, तिथे १६०० वर काम होईल. नवरीच्या शालूचा रंग ६४०० वर काय होतो, ते मागच्या वर्षी अल्बम करताना तुम्हीच मला दाखवलं होतं."

मामा काही बोलले नाहीत. उठून आतल्या कपाटातून त्यांनी पिवळ्या फडक्यात गुंडाळलेली लेन्स आणली आणि माझ्यासमोर उलगडली. कॅननची ईएफ २४-७० एफ २.८ एल, २००२ साली आलेली पहिली आवृत्ती. पुढचं लाल कडं घासून फिकं झालं होतं. ही लेन्स त्यांनी २००६ मध्ये मामींच्या पाटल्या गहाण ठेवून घेतली, हे आमच्या घरात सगळ्यांना ठाऊक आहे. तिच्याआधी त्यांच्याकडे कोणती लेन्स होती, हे मात्र मी कधी विचारलं नव्हतं.

"१९९८ ला मी बाहेरची २८-७० घेतली होती," मामा म्हणाले. "कंपनीचं नाव घेत नाही. रोलच्या कॅमेऱ्यावर सहा वर्षं गुणी चालली. २००४ ला डिजिटल बॉडी आणली, तीही लग्नाच्या आदल्या रात्री. मांडवात जोडली, शटर दाबलं, आणि पडद्यावर एरर. बॅटरी काढली, परत घातली, पुन्हा एरर. लेन्स पूर्ण उघडी ठेवली तर चालते आणि जरा बंद केली की कॅमेरा अडतो, हे मला आठवडाभराने कळलं. त्या दिवशी काय कळणार? अख्खं लग्न किट लेन्सवर काढलं. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरीचे वडील मागे उभे राहून डोळे पुसत होते. तो फोटो हलला. वर्षभराने ते गृहस्थ गेले, आणि घरच्यांनी माझ्याकडे तोच फोटो मागितला."

यावर लगेच काही बोलण्यासारखं नव्हतं. मामा बाहेरच्या लेन्सला नावं ठेवत तेव्हा मला तो त्यांचा जुना हट्ट वाटायचा. त्यामागे एक हललेला फोटो आहे, हे मला त्या संध्याकाळपर्यंत माहीत नव्हतं.

चहा आला. मग मी सावकाश बोलायला लागले.

"तुमची लेन्स का अडली ते मला माहीत आहे. १९८७ ला कॅननने ईएफ माउंट आणला तेव्हा बॉडी आणि लेन्समधले यांत्रिक दांडे काढून टाकले. फोकसची मोटर लेन्समध्ये आली, अॅपर्चरही विजेवर गेलं, आणि मधल्या पितळी टोकांमधून दोघांचं बोलणं सुरू झालं. बॉडी सांगते आणि लेन्स ऐकते. ही भाषा कॅननने बाहेरच्या कुणाला शिकवली नाही. बाहेरच्या कंपन्या ती नुसती ऐकून शिकल्या, सासरी गेलेली मुलगी तिथली बोली कानावरून उचलते तशी. रोलच्या कॅमेऱ्यांच्या काळात जेवढे शब्द कानावर पडले तेवढे त्यांनी लेन्सच्या चिपमध्ये भरले. डिजिटल बॉडी नवे शब्द बोलायला लागली, आणि तुमच्या लेन्सला त्यांचा अर्थ लागला नाही."

"म्हणजे मी म्हणतो तेच. भाषा ज्याची, लेन्सही त्याचीच घ्यावी."

"पण सगळ्या कंपन्यांनी भाषा लपवून ठेवली नाही. सोनीने २०११ मध्ये ई माउंटची मूलभूत माहिती इतर लेन्सवाल्यांना विनाशुल्क खुली केली. टॅमरॉनमध्ये तर सोनीचा हिस्साही आहे. ही लेन्स ऐकीव भाषेवर चालत नाही, शिकवलेल्या भाषेवर चालते. आणि पुढे काही अडलंच, तर टॅमरॉनच्या नव्या २८-७५ ला, म्हणजे २०२१ च्या जी २ ला, यूएसबीचं भोक आहे. लॅपटॉपला लावायची आणि फर्मवेअर बदलायचं. तुमच्या १९९८ च्या लेन्सला ती सोयच नव्हती."

"सोय आहे हे मान्य. पण लग्नाच्या सकाळी मांडवात लॅपटॉप उघडून बसणार आहेस का?"

हा प्रश्न खरा आहे, आणि त्याचं उत्तर लेन्सच्या नावात मिळत नाही. मी मामांना तेच सांगितलं. बॉडीचं फर्मवेअर हंगामाच्या मध्ये बदलायचं नाही. नवी बॉडी, नवी लेन्स, नवं कार्ड, काहीही असो, पहिल्यांदा मांडवात जोडायचं नाही. २००४ साली दोष लेन्सचा होता तसा आदल्या रात्रीच्या घाईचाही होता. हे शेवटचं वाक्य माझ्या तोंडून निघून गेलं आणि मला वाईट वाटलं. मामांनी मान हलवली आणि म्हणाले, "खरं आहे ते."

थोड्या वेळाने त्यांनी दुसरीकडून सुरुवात केली. "बरं, भाषेचं राहू दे. ही मंडळी दुसऱ्यांच्या माउंटवर जगतात. स्वतःचं असं काय केलं त्यांनी? ड्युप्लिकेट माल म्हणतात तो हाच."

ड्युप्लिकेट हा शब्द मला सहन होत नाही. बाजारात तो सहज वापरला जातो. हुबेहूब नक्कल करून स्वस्तात विकणाऱ्या कंपन्या आहेत, नाही असं नाही. पण सिग्मा आणि टॅमरॉन यांना त्या रांगेत बसवणं हा त्यांच्या कारागिरांवर अन्याय आहे.

"मामा, टॅमरॉन १९५० पासून काम करते. तामुरा नावाचे त्यांचे भिंगांचे जाणकार होते, त्यांच्या आडनावावरून ते नाव आलं. त्यांची १९७९ ची ९० मिमी मॅक्रो घेऊन लोकांनी वर्षानुवर्षं फुलं काढली, कीटक काढले. सत्तरच्या दशकात त्यांनी अॅडॅप्टॉल काढलं. लेन्स एकच, मागचं कडं बदललं की ती वेगळ्या कंपनीच्या कॅमेऱ्याला बसते. बॉडी बदलली तरी लेन्स तुमचीच राहते, असा तो विचार होता. सिग्मा १९६१ ची, एका घराण्याची कंपनी. फुकुशिमा प्रांतात आइझूला त्यांचा कारखाना. २०१२ मध्ये वडिलांच्या मागे मुलाने सूत्रं घेतली आणि त्याच वर्षी ३५ मिमी एफ १.४ आर्ट आली. पुढच्या वर्षी १८-३५ एफ १.८. अख्ख्या झूमभर एफ १.८ देणारी क्रॉप एसएलआरसाठीची ती पहिली झूम. कॅनन आणि निकॉनकडे तसं काहीच नव्हतं. मग तिला कुणाची ड्युप्लिकेट म्हणायचं?"

"ती मोठी माणसं असतील. पण शेवटी नाव कॅनन आणि निकॉनचंच."

"त्या नावांचीही गोष्ट ऐका. कॅननचा पहिला विक्रीला आलेला कॅमेरा, १९३६ चा हन्सा कॅनन. त्यावरची ५० मिमी लेन्स निक्कोर होती. निकॉनची."

मामांनी कप खाली ठेवला. "कॅननवर निकॉनची लेन्स?"

"हो. त्या वेळी कॅननवाल्यांना भिंगं करता येत नव्हती. निकॉन तेव्हा निप्पॉन कोगाकू होती आणि भिंगं हेच तिचं काम. पुढे १९५० मध्ये लाइफ मासिकाचे डेव्हिड डग्लस डंकन टोकियोत होते. त्यांनी आपल्या लायकावर निक्कोर लावून पाहिली आणि तीच घेऊन कोरियाच्या युद्धावर गेले. तिकडून आलेल्या फोटोंनी जपानी भिंगांकडे जगाचं लक्ष गेलं. लायकाच्या दृष्टीने निकॉन तेव्हा बाहेरचीच होती."

मामांनी आपली २४-७० उचलली आणि बराच वेळ तिच्या पुढच्या भिंगात बघत राहिले. हा इतिहास त्यांना आवडला हे मला दिसत होतं. पण मामा इतिहासाने विरघळणारे नाहीत, आणि पुढचा मुद्दा त्यांनी असा काढला की मला माझी यादी पुन्हा वाचावी लागली.

"तुझी लेन्स कितीपासून सुरू होते?"

"२८ पासून."

"माझी २४ पासून. चार मिलिमीटर म्हणून सोडू नकोस. २४ ला ८४ अंश दिसतात आणि २८ ला ७५. हळद कुठे लागते? घरात. बारा बाय दहाच्या खोलीत नवरी पाटावर, पाच सवाष्णी, दोन करवल्या, दारात पोरं. पाठ भिंतीला टेकली की मागे जायला जागा नसते. त्या नऊ अंशांत नवरीची आजी बसलेली असते."

याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. टॅमरॉनने आपली पहिली २८-७५ लेन्स ५५० ग्रॅममध्ये बसवली आणि सोनीची पहिली जी मास्टर ८८६ ग्रॅमची होती, यात रुंदीकडचा हा त्यागही आहे. स्वस्त लेन्स नेमकं काय सोडून स्वस्त झाली, हे विकत घेणाऱ्याने स्वतः शोधायचं असतं. कधी ती धुळीपावसाची बंदिस्ती सोडते, कधी वेगवान मोटर, कधी चार मिलिमीटर. ते सोडलेलं जर आपल्या कामाचा प्राण असेल, तर वाचलेल्या पैशाला अर्थ उरत नाही. मी हे मामांना मोकळेपणाने सांगितलं.

"म्हणजे हरलीस?" त्यांनी विचारलं. आवाजात जिंकल्याचा भाव नव्हता, काळजी होती.

"नाही. कारण मला दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची वाटते. समजा मी थांबले, पैसे साठवले आणि कंपनीची २४-७० घेतली. माझ्याकडे एकच लेन्स असेल. मांडवात गर्दीत कुणाचा धक्का लागला, लेन्स पडली, तर? अंतरपाट थांबत नाही. टॅमरॉन घेतली तर थोड्याच दिवसांत शेजारी एक ३५ मिमी ठेवता येईल, पुढच्या वर्षी सेकंडहँड का होईना दुसरी बॉडी. तुमचा तो फोटो हलला कारण तुमच्याकडे दुसरं काही नव्हतं, मामा. पहिली लेन्स कुठल्या कंपनीची होती, हे त्याच्या नंतर येतं."

मामांनी यावर बराच विचार केला. बाहेर राजपथावरून एक वरात चालली होती, तिचा बँड जाईपर्यंत आम्ही दोघेही गप्प होतो.

"दोन असाव्यात, हे मान्य," ते शेवटी म्हणाले. "पण मी पैसे कशाचे मोजले होते ते ऐक. नुसत्या भिंगाचे नव्हते. बिघडली तर कुणाच्या दारात जायचं, हे मला माहीत होतं. बॉडी आणि लेन्स दोन्ही घेऊन एकाच काउंटरवर उभा राहिलो, तर तुमची लेन्स खराब की तुमची बॉडी खराब, अशी टोलवाटोलवी होत नाही. फोकस पुढे मागे पडला, तर दोन्ही एकत्र जुळवून देतात. बाहेरच्या लेन्सला लेन्सवाला म्हणतो बॉडी तपासा आणि बॉडीवाला म्हणतो लेन्स आमची नाही. मधल्या मध्ये हंगाम जातो. आणि विकायला काढलीस की बघ, कंपनीच्या लेन्सला गिऱ्हाईक दुसऱ्या दिवशी दारात असतं."

हे मला पटतं. निकॉनचंच उदाहरण घ्यावं. २०२२ च्या सुरुवातीला निकॉनची झेड २८-७५ एफ २.८ बाजारात आली. आत १२ गटांत १५ भिंगं. टॅमरॉनच्या २०१८ च्या २८-७५ मध्येही १२ गटांत १५ भिंगं. अगदी जवळून फोकस करण्याचं अंतर दोन्हींचं १९ सेंटिमीटर, फिल्टर दोन्हींना ६७ चा. आतला आराखडा टॅमरॉनचा आहे, असं जाणकार उघड म्हणतात. निकॉनने तिची किंमत ११९९ डॉलर ठेवली. मी हे सांगितल्यावर मला वाटलं मामा चिडतील. ते म्हणाले, "मग बरोबर आहे. भिंग त्यांचं, पण जबाबदारी निकॉनने घेतली. वरचे चारशे डॉलर त्या जबाबदारीचे."

इतकं नेमकं उत्तर मला कुठे वाचायला मिळालं नव्हतं. नावाचे पैसे म्हणजे फुकट गेलेले पैसे, असं मी तोवर मानत होते. ते एका हमीचे पैसे आहेत. ती हमी आपल्याला हवी आहे का आणि परवडते का, एवढाच प्रश्न उरतो. ज्याचं रोजचं पोट त्या एका लेन्सवर आहे आणि ज्याला दुसरी घेणं शक्य नाही, त्याने ती विकत घ्यावी असं माझं मत झालं. ज्याला दुसरी लेन्स हीच हमी म्हणून ठेवता येते, त्याने बाहेरची घेतली तर त्यात कमीपणा नाही.

भिगवणला उजनीच्या पाणथळीवर पक्षी काढणाऱ्या माझ्या मैत्रिणीचा हिशेब आणखी वेगळा आहे. सोनीच्या सगळ्यात वेगवान बॉड्या बाहेरच्या लेन्सवर सेकंदाला १५ फ्रेमच्या पुढे जात नाहीत, आणि सोनीचे टेलिकन्व्हर्टर बाहेरच्या टेलीला चालत नाहीत. रोहित पक्षी उडण्याच्या क्षणासाठी जी चार तास नावेत बसते, तिने हे आधी बघावं. मांडवात मला १५ फ्रेम कधीच लागत नाहीत.

मग मामांनी मनातलं सांगितलं. ते इतका वेळ कशाभोवती फिरत होते, हे तेव्हा माझ्या लक्षात आलं.

"तू सोनी कशाला घेतेस? कॅननची आरएफ माउंटची बॉडी घे. वर अॅडॅप्टर लाव आणि ही घेऊन जा." त्यांनी २४-७० माझ्याकडे सरकवली. "लेन्सचे पैसे वाचतील. अॅडॅप्टरमध्ये भिंग नसतं, नुसतं मधलं अंतर भरायचं असतं. ही त्यावर घरच्यासारखी चालते. माझा हात आता हिचं वजन पेलत नाही."

९५० ग्रॅम, आणि अॅडॅप्टरचे वर ११०. मी ती हातात घेतली. झूमची रिंग वापरून इतकी मऊ झाली होती की बोटाने ढकलली तरी फिरत होती. खरं सांगायचं तर त्या क्षणी माझी यादी मोडण्याच्या बेतात होती. फुकट मिळणारी, कंपनीची, २४ पासून सुरू होणारी लेन्स. बजेटच्या दृष्टीने याहून चांगलं काय असणार?

"मामा, ही घेऊन मी कॅननच्या घरात गेले, की पुढची प्रत्येक लेन्स त्याच घरातून घ्यावी लागेल. २०१८ ला त्यांनी आरएफ माउंट आणला आणि दार लावून घेतलं. २०२२ मध्ये पेटंटचा मुद्दा काढून एका चिनी कंपनीला आरएफच्या ऑटोफोकस लेन्स विकणं थांबवायला लावलं. आता २०२४ च्या एप्रिलमध्ये सिग्मा आणि टॅमरॉनला परवाना दिला, पण तो क्रॉप सेन्सरच्या लेन्सपुरता. मी फुलफ्रेम घेतेय. ही तुमची लेन्स २००२ च्या घडणीची. तिचे सुटे भाग मिळायचे दिवस कधीच मागे पडले. उद्या ही थांबली, तर मला एक तर कंपनीची महाग घ्यावी लागेल किंवा त्यांची स्वस्त असेल ती. मला तिसरं दार हवं आहे."

"कॅननची आता हलकी २८-७० एफ २.८ आलीय ना? परवाच मुंबईचा एजंट सांगत होता."

"आली. सप्टेंबरात. ४९५ ग्रॅम, १०९९ डॉलर. चांगली असणार. पण ती का आली, हा विचार करा. शेजारच्या सोनीच्या घरात टॅमरॉनची २८-७५ आणि सिग्माची ४७० ग्रॅमची २८-७० वर्षानुवर्षं विकली गेली, म्हणून मोठ्या कंपनीलाही लाल कड्याशिवायची एफ २.८ झूम काढावीशी वाटली, असं मला वाटतं. बाहेरचे नसते तर आपल्यासारख्यांसाठी ही लेन्स कुणी केली असती?"

मामा हसले नाहीत, रागावलेही नाहीत. लेन्सच्या मागच्या टोपणावर बोट फिरवत बसले. मला माझ्या बोलण्याचा कोरडेपणा जाणवला. समोर पाटल्या गहाण ठेवून घेतलेली लेन्स होती आणि मी परवान्यांच्या तारखा मोजत होते.

"ही मी नेणार नाही," मी म्हणाले, "कारण ती तुमच्या हातात हवी. हळदीच्या खोलीत तुम्ही उभे राहा. बसून काढा, स्टूल घेऊन. ते नऊ अंश तुमच्याकडे आहेत. मी हॉल सांभाळते."

"दोन कंपन्यांचे रंग जुळणार नाहीत अल्बममध्ये."

"जुळवायचं माझ्याकडे. दोन्ही कॅमेऱ्यांवर रॉ काढायचं आणि सुरुवातीला त्याच उजेडात पांढऱ्या रुमालाचा एक फोटो घ्यायचा."

मामांनी डायरी ओढली. डिसेंबरमधल्या पहिल्या तारखेपुढे माझ्या नावाखाली त्यांनी स्वतःचं नाव लिहिलं आणि कंसात हळद असं लिहिलं.

जुन्या बाजाराबद्दलही आम्ही थोडं बोललो. मुंबईच्या फोर्टात बोरा बाजारला जाऊन सेकंडहँड जी मास्टर बघावी का, असं मी विचारलं. मामांचा नकार नव्हता, पण त्यांनी अट घातली. लेन्समधून टॉर्च मारून बघायची. आत कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे दिसले की परत ठेवायची, कितीही स्वस्त असो. ती बुरशी असते, भिंगावरचा लेप खाते आणि पुसून जात नाही. कोकणात आणि मुंबईत पावसाळा काढलेल्या लेन्समध्ये ती जास्त सापडते. बुरशी कंपनी बघत नाही, म्हणून आमच्या सगळ्या लेन्स सिलिका जेलच्या पुड्यांसह हवाबंद डब्यात राहतात आणि पुड्यांचा रंग बदलला की मामी त्या तव्यावर गरम करतात.

टॅमरॉन जी २ आली ती लग्नाच्या बारा दिवस आधी. मी खोकं उघडलं आणि बॉडीला लावणार, तोच मामांनी हात पुढे केला. त्यांनी आधी माउंट हलवून पाहिला, लेन्स उभी धरून झूम आपोआप घसरते का ते पाहिलं, टॉर्च मारली. मग स्टुडिओच्या मागच्या भिंतीवर रद्दीतली वर्तमानपत्रांची चार मोठी पानं एकाला एक लागून चिकटवली, छोट्या जाहिरातींची बाजू वर ठेवून. भिंतीपासून मोजून अंतर घेतलं, ट्रायपॉड लावला, कॅमेरा भिंतीला समांतर आहे का ते सुतारकामाच्या पाणसळीने तपासलं. २८ ला, ५० ला, ७५ ला. प्रत्येक ठिकाणी एफ २.८, एफ ४, एफ ५.६. भिंगं कारखान्यात बसवताना एखादं केसभर तिरकं बसलं, तर एक कोपरा पुसट येतो आणि बाकीचे तीन स्वच्छ. महाग असो, स्वस्त असो, असा नग कुठूनही येऊ शकतो, आणि दुकानदार बदलून देतो तो पहिल्या काही दिवसांतच.

"कंपनीची असती तरी हेच केलं असतं का तुम्ही?" मी विचारलं.

"२००६ ला याच भिंतीवर केलं होतं. तेव्हा पानं कमी होती, मामी धरून उभी होती."

मग दिवे मालवून त्यांनी कोपऱ्यात एक समई लावली आणि मामींना तिच्याजवळ बसवलं. तेवढ्या उजेडात डोळ्यावर फोकस धरतो का, मामी मान वळवतात तेव्हा सुटतो का, हे शंभरेक फ्रेम काढून बघितलं. रात्री साडेदहाला आम्ही फोटो लॅपटॉपवर घेतले. मामा पडद्याच्या इतके जवळ बसले होते की त्यांचा श्वास काचेवर उमटत होता. बाराव्या फ्रेमवर त्यांनी माझा हात धरला.

"थांब. मागे जा. २८ ला एफ २.८. खालचा डावा कोपरा मोठा करून दाखव."

मी मोठा केला. भाड्याने खोली, दोन माणसांसाठी, पाण्याची सोय. अक्षरं वाचता येत होती.

"आता उजवा," मामा म्हणाले.